आतलं 'री', बाहेरचं 'गं'

कानडीत एक बरं हाय. मान द्यायचा म्हनलं की बोलायच्या शेवटी 'री' लावायचा. 'बा' म्हनलं की ये, 'बर्री' म्हनलं की या. 'कुंद्रु' म्हनलं की बस, 'कुंद्री' म्हनलं की बसा. झालं, मान दिला. मराठीत तसं न्हाई बाई. मराठीत 'गं' काढून 'अहो' लावायचं तर काही जिभांना लई जड जातंय. पिढ्यानपिढ्याची सवय असती ती.

हे मला शाळेत कुनी शिकवलं न्हाई. तुरीच्या काढनीत कळलं, ह्याच वर्षी.

मी सिद्धव्वा. नागनाथाची थोरली बहीन. नवरा गेला तवापासून भावाच्या घरी. माझी भावजय शोभाबाई आमच्या बायांच्या टोळीची म्होरकी. जीभ अशी की इळ्याला धार लावायची गरज न्हाई. आन तिची लेक, माझी भाची संध्या, दिवाळीपासून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हाय. हुलसूरच्या ह्या अंगाला आमच्या वस्तीतून डॉक्टर झालेली पयलीच. हे मी ज्याला-त्याला सांगते, तुमालाबी सांगितलं.

लोक इचारतेत, "लेक डॉक्टर झाली आन तुमी अजून तुरीत?"

शोभा म्हनती, "लेक डॉक्टर झाली, तूर न्हाई झाली. तूर कापावीच लागती."

आमचा तुकडा आन अच्युतराव गुर्जींचं रान बांधाला बांध. आमची तूर आवरली की टोळी त्यांच्या रानात उतरती, हे सालोसालचं. औंदा मानसं कुठं मिळंनात. निम्मं गाव ऊसतोडीला, पोरं हैदराबादला. तूर वाळून खडखडायली आन वर आभाळ दाटून आलेलं. थोडं जरी पानी पडलं तर शेंगा काळ्या पडनार. पहाटच्या दवात कापायची, ऊन चढलं की शेंग हात लावला तरी फुटती. कापलेल्या तुरीचे खुट टोकदार, चप्पल फाडून पायात घुसतेत. सगळ्यांच्या पोटऱ्या ओरबाडलेल्या. माझी तर कंबर धरून धरून कापनी चाललेली. वर्सापासून पोटाखाली काहीतरी जड जड वाटायलं होतं. वाकलं की लईच. पन कुनाला सांगावं? घरात डॉक्टर हाय म्हनता? त्या डॉक्टरला मी न्हाऊ घातलंय, शेंबूड पुसलाय. तिच्यापुढं काय सांगू अन कसं सांगू!

संध्यानं आल्या आल्या घरात दोन गोष्टी बजावल्या. पयली, अंगनात कुनाला तपासनार न्हाई. आधी लोक यायचेच ना. नागनाथ जेवायला बसला की शेजारचा संगमेश्वर दारात उभारून मांडीवरचं गळू दाखवायचा. संध्या म्हनली, "काका, दवाखान्यात या. इथं मी नागनाथाची पोरगी हाय." लोक जरा फुगले. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. दवाखान्यात कुनी दिसलं तर बाहेर भेटल्यावर त्याला 'आता बरं हाय का?' इचारायचं न्हाई.

नागनाथ चकितच झाला. "मग लोकाला इचारावं तरी काय? पाऊस-पान्याचं?"

"व्हय अप्पा. पाऊस-पान्याचंच."

पन एक झालं. मंगळवारी ती फक्त बायांना तपासती, दार लावून, पडदा ओढून. पयल्यांदा कुनी जाईना. मग एक गेली, तिच्या मागं दुसरी. पोटात दाबून ठेवलेली वर्सानुवर्साची दुखनी घेऊन बाया निघाल्या. कारन एकच, संध्याच्या तोंडातून शब्द बाहेर येत न्हाई हे त्यांना कळलं.

अशाच एका मंगळवारी बाजार होता. शोभा आन मी पोरीचा डबा द्यायला दवाखान्यात गेलाव. बाकावर बसलाव तर समोर लाईनीत कोन? नलिनीबाई! अच्युतराव गुर्जींची मालकीन! पदर कपाळाच्या खाली ओढलेला, पन बांगड्या ओळखू आल्या. त्यांच्या घरचे लोक गाडीनं बीदरला न्हाईतर सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं जानारे. त्या इथं, भिताडाला टेकून, एकट्या.

दार उघडलं. दवाखान्यात सगळ्यांशी बोलती तसा कानडीत आतून संध्याचा आवाज आला, "बर्री, कुंद्री."

आन नलिनीबाई उंबऱ्यावर वाकून म्हनल्या, "हौद्री, डॉक्टरे. हौद्री."

'व्हय जी' म्हनल्या. दार लागलं. माय गं! शोभानं माझा हात असा दाबला की तिची बांगडी मला रुतली. नलिनीबाईचं माहेर कलबुर्गीकडचं, कानडी त्यांची आईच्या मांडीवरची. पन आमच्याशी उभ्या जन्मात मराठीच बोलल्या, आन त्या मराठीत 'ए शोभे', 'अगं सिद्धे' असंच.

घरी येईपर्यंत शोभाच्या पायाला भुई लागंना. "हौद्री म्हनली! माझ्या पोरीला! वाकून!"

सांजच्याला पोरीला इचारलंच तिनं, "मालकिनीला काय झालंय गं?"

"कोन मालकीन?"

"आगं, आमी डोळ्यानं बघितलं की!"

"मग तुमी बघितलंय. मी कुनाला बघितलं न्हाई. भाकर वाढ."

शोभा फनफनली. "आईलाबी सांगू नये का?"

"आईला तर आधी न्हाई," संध्या म्हनली आन भाकरीचा तुकडा मोडला. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

ऐतवारी आमी गुर्जींच्या रानात होताव. संध्या सुट्टीची, आमची न्याहारी घेऊन स्कूटीवर आली. आन आल्यावर माझ्या हातातला इळा घेऊन पात धरली. "आत्या, तू जरा टेक. हात इसरलाय का बघते." इसरली न्हवती. सपासप कापत गेली. बाया कौतुकानं बघायल्या.

बांधावर नलिनीबाई छत्री धरून उभारलेल्या. मंगळवारचं काहीच चेहऱ्यावर न्हाई. म्हनल्या, "अगं संध्ये, ती पेंढी वाटेत येतीय बघ. उचल गं तेवढी. आणि येताना गाडीतून माझी पाण्याची बाटली आण."

संध्यानं इळा खाली ठेवला. पेंढी उचलून गंजीवर टाकली. बाटली आनून दिली. तोंडावर राग न्हाई, काही न्हाई.

पन शोभाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती इळ्यासकट ताठ उभारली.

"मालकीन! मंगळवारी दवाखान्यात 'हौद्री डॉक्टरे' म्हनताना जीभ बरी वळत होती तुमची. आज 'गं' कामून? आत डॉक्टर, आन बाहेर तुमची पानक्याची पोरगी व्हय?"

सगळ्या पातीवरचे इळे थांबले. मलाबी क्षनभर बरं वाटलं, खोटं कामून बोलू? पन लगीच नेत्रावतीनं, आमच्या टोळीतल्याच बाईनं, डोळे बारीक करून इचारलं, "दवाखान्यात? मालकिनीला काय झालंय?"

नलिनीबाईचं तोंड पांढरं पडलं. छत्री मिटून त्या गाडीकडं गेल्या.

"आई!" संध्या येवढंच म्हनली. आन आईकडं असं बघितलं की मी त्या दोघींच्या मधून बाजूला झाले.

गाव म्हनजे काय, इचारू नका. दिवस मावळायच्या आत नलिनीबाईला अर्ध्या गावानं अर्धा डझन रोग लावले. त्यात त्यांच्या लेकीच्या, श्रीलक्ष्मीच्या सोयरिकीचं बोलनं चाललेलं. पोराकडचे म्हननार, आईला असला रोग, पोरीला काय असंल? आन पुढच्या मंगळवारी दुसराच घाव बसला. दवाखान्यात बाया आल्याच न्हाईत. नेत्रावती निघाली होती, तीबी बस-स्टँडावरून माघारी फिरली. म्हनली, "डॉक्टरच्या आईच्या तोंडात जायाचं न्हाई मला."

संध्या घरी आली, स्कूटी लावली आन पायरीवर बसली.

"खोली रिकामी होती दिवसभर," ती म्हनली.

शोभा रडायली. "मी तुझ्यासाठीच बोलले गं."

"ठावं हाय. पन मला 'गं' म्हनलं तर माझं काय गेलं? पेंढी उचलली, हात तुटला का? त्या बाईचं मात्र झाकलेलं उघडं पडलं. आता कोन इश्वास ठेवंल माझ्यावर? आतलं आत ऱ्हायलं पायजे आई, तरच मी डॉक्टर. न्हाईतर नुसती गोळ्या वाटनारी."

शोभा पदरात तोंड घालून बसली. मला भावजयीची कीव आली. येरवी मी तिला सोडत न्हाई, पन त्या दिवशी सोडलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. अच्युतराव गुर्जी! पांढरं धोतर, काखेत छत्री. आमच्या गल्लीत हा मानूस पयल्यांदा आलेला. नागनाथ धडपडत उठला, खुर्ची आनली. गुर्जी बसले न्हाईत.

"संध्या, मी तुला चौथीला शिकवलंय."

"व्हय सर. पाढे तुमीच पाठ करून घेतले."

"मग खरं सांग. माझ्या बायकोला काय झालंय? गावभर चर्चा आहे आणि घरात ती तोंड उघडत नाही. मी नवरा आहे तिचा."

"त्यांनाच इचारा सर."

"ती सांगत नाही म्हणून तर तुझ्या दारात आलो. बरं, काय झालंय ते राहू दे. ती आली होती की नाही, एवढं तरी सांग."

"तेबी न्हाई सांगता येत सर. कुनाचंच न्हाई. उद्या तुमी आलाव, तर तुमचंबी मी कुनाला सांगनार न्हाई."

गुर्जींच्या कपाळावरची शीर उठली. "डॉक्टर झालीस म्हणून मला शिकवतेस?"

संध्या उठून उभारली. हात जोडले, पन मान खाली घातली न्हाई. "तुमीच शिकवलंय सर. म्हनूनच न्हाई म्हनायली."

नागनाथाकडं बघितलं तर त्याचे डोळे भरलेले. भिताडाला धरून उभा होता, पन छाती काय फुगली होती! आमच्या बापानं ह्याच घरान्यापुढं कधी नजर वर केली न्हवती. आन त्याची लेक कुनाची नाचक्की न करता, उलट एका बाईची अब्रू राखून, न्हाई म्हनत होती.

गुर्जी जायला वळले. मला कळलं, हे असेच गेले तर घरी त्या बाईचं काय खरं न्हाई. आन पोरगी तर मरंल पन बोलनार न्हाई. मग माझंच तोंड सुटलं.

"गुर्जी, मला बघायला आल्त्या की हो मालकीन!"

"काय?"

"व्हय! माझं पोट दुखायलं म्हनून मी तिथं बाकावर पडून होते. मालकिनीला कुठून कळलं की, आल्या बिचाऱ्या. पोरीला म्हनल्या, हिची नीट काळजी घ्या. त्याचं शोभानं उगं काय तरी केलं."

गुर्जी माझ्याकडं बघतच ऱ्हायले. "नलिनी? तुला बघायला? दवाखान्यात?"

"म्हातारपनी मी खोटं बोलू का?"

ते गेले. संध्या माझ्याकडं वळली. "आत्या, धडधडीत खोटं बोललीस."

"मग? मी थोडीच डॉक्टर हाय? मला खोटं चालतंय."

ती हसली न्हाई. जवळ आली. "पोट खरंच दुखायलंय का?"

"न्हाई गं. उगं म्हनले," मी म्हनले आन चुलीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी गुर्जींच्या रानात जावं की न्हाई, ह्यावर टोळीत कुजबुज. शोभाच म्हनली, "तुरीनं आपलं काय वाकडं केलंय? आभाळ बघा की वर." गेलाव. दवानं पाय भिजले, खुट टोचले, पात लागली. ऊन जरा वर आलं तशी गाडी आली. नलिनीबाई उतरल्या. सगळ्या बायांचे कान टवकारले. शोभा खाली मान घालून कापायली. रात्री गुर्जींनी माझं म्हननं घरी सांगितलंच असनार. ह्या बाईनं जर म्हनलं, 'मी कशाला जाऊ सिद्धीला बघायला', तर झालंच. त्यांचं मोठेपन राहील, पन दवाखान्याची गोष्ट पुन्हा उघडी.

नलिनीबाई बांधावर थांबल्या न्हाईत. रानात उतरल्या. पातळाचा काठ तुरीच्या खुटात अडकला, सोडवला आन सरळ माझ्याकडं आल्या.

"सिद्धव्वा, कसं आहे गं पोट? त्या दिवशी बघायला आले तर तू नुसती कण्हत होतीस."

सिद्धव्वा म्हनल्या. सिद्धे न्हाई. मी कमरंवर हात ठेवला. "बरं हाय मालकीन. तुमी आलाव, तिथंच निम्मं दुखनं पळालं."

आमा दोघींची नजर भेटली. त्यांचे डोळे पान्यानं भरले होते, माझेबी.

नेत्रावतीच्या हातातली पेंढी गळाली. "आगं माय! मालकीन हिला बघायला गेल्ती? दवाखान्यात? आपल्या सिद्धव्वाला?"

ही बातमी कुठल्याबी रोगापेक्षा मोठी निघाली. सांजपर्यंत गावात दुसरा इषय न्हाई. रोगबीग राहिलं बाजूला. 'नलिनीबाई सिद्धव्वाला बघायला गेल्ती' हेच जिकडंतिकडं. आन एकदा बघायला गेलं म्हनलं की रीतीचं पुढचं आलंच. वाटंत बाया नलिनीबाईलाच इचारायल्या, "दवाखान्यात गेलाव, मग घरी न्हाई गेलाव बघायला?"

झालं! नलिनीबाई मऊ भाताचा डबा घेऊन आमच्या गल्लीत. पोरगं सांगत पळत आलं तशी शोभानं मला भर दिवसा बाजंवर ढकललं आन वर गोधडी टाकली. "कन्ह!" म्हनली. मी कन्हले. गोधडीत घाम फुटला.

नलिनीबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. दारात आख्खी गल्ली गोळा. शोभानं दार जरा लोटलं आन चहा ठेवला. बशी पुढं करताना म्हनली, "मालकीन, त्या दिवशी चुकलं माझं. पोरीचं काही न्हाई त्यात. ती आमाला एक अक्षर बोलली न्हाई."

"माहीत आहे," नलिनीबाई म्हनल्या. "ह्यांनाही बोलली नाही. घरी येऊन हेच म्हणाले, पोरगी लोखंडाची आहे." मग शोभाकडं वळल्या. "दवाखान्याचं तू चारचौघांत काढलंस, ते चुकलं शोभा. 'गं'चं बोललीस ते नाही चुकलं."

शोभानं पदरानं बशीची कड पुसली आन त्यांच्या हातात दिली.

बाहेर स्कूटी वाजली. संध्या आत आली. मला गोधडीत बघून थबकली, मग खुर्चीकडं बघितलं. आन नलिनीबाई, बशी हातात तशीच, खुर्चीतून उठल्या.

"या डॉक्टर," म्हनल्या.

मराठीत. आमच्याच घरात आमच्याच पोरीला 'या' म्हनल्या! बाहेर गल्लीनं ऐकलं. शोभा चुलीकडं तोंड करून उभारली, खांदे हलायले होते.

संध्या म्हनली, "बसा काकू. उठायलाव कशाला?"

काकू. मालकीन न्हाई. आन नलिनीबाई गुमान बसल्या. जरा पुढं वाकून हळूच म्हनायल्या, "त्या गोळ्या आता…"

"काकू, चहा गार व्हायलाय," संध्या म्हनली. "बाकीचं मंगळवारी."

नलिनीबाई हसल्या. बशीत चहा ओतला आन पिल्या, सगळा. जाताना दारातून गल्लीला ऐकू जाईल असं मला म्हनल्या, "काळजी घे गं सिद्धव्वा!" मी मनात म्हनलं, बघा, डॉक्टरला 'या', मला 'गं'च.

तूर आवरली. आभाळ नुसतं दाटलं, पडलं न्हाई. पुढच्या मंगळवारी दवाखान्यात लाईन दारापातूर लागली म्हनून नागनाथ सांगत आला. नेत्रावतीबी होती म्हने. शोभा म्हनली, "कुनाचं नाव सांगू नका. आमी न्हाई ऐकत." मी तिच्याकडं बघितलं, तर ती खरंच कानावर हात ठेवून उभी!

मग त्याच्या पुढच्या मंगळवारी मीबी उठले. कुनाला बोलले न्हाई. धुतलेलं लुगडं नेसले, बसनं गेले, लाईनीत उभारले. पुढच्या बायांनी ओळखलं. म्हनल्या, "आगं, तुझीच भाची, तू सरळ आत जा की." मी म्हनलं, "न्हाई. हितं लाईन हाय." पाय अवघडले, पोटाखालचं जड वाटायलं, पन उभारले. माझा नंबर आला. दार उघडलं.

संध्या खाली मान घालून हात पुसायली होती. पायाचा आवाज ऐकून म्हनली, "बर्री, कुंद्री."

मग वर बघितलं. मला बघितलं. मला वाटलं, आता म्हनंल, 'आगं आत्या, तू? घरी का न्हाई बोललीस?' तिचे ओठ जरा हलले. पन ती तशीच ऱ्हायली, डॉक्टरच. खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"कुंद्री," पुन्हा म्हनली. "एन त्रास अद री?"

काय त्रास हाय, इचारलं. तेबी 'री' लावून. मला! जिला बापानं 'ए पोरी' म्हनलं, नवऱ्यानं 'अगं ए', मालकिनींनी 'सिद्धे'. उभ्या जन्मात मला कुनी 'री' लावला न्हवता. लावला तर कुनी, जिला मी न्हाऊ घातलं तिनं. मी ताठ बसले, पदर सारखा केला.

"हौद्री, डॉक्टरे," म्हनले.

तिनं उठून दार लावलं, पडदा ओढला. मग मी सांगितलं, सगळं सांगितलं. काय सांगितलं? ते तुमाला कामून सांगू? तुमी पाऊस-पान्याचं इचारा.